‘स्वभाव : जॉली’

मी गेवराईत मुलांना इंग्रजी शिकवतो आणि इंग्रजीतल्याच एका शब्दाचा मला तिटकारा आहे. जॉली. कोशात अर्थ मिळतो, आनंदी, हसरा. शब्द फ्रेंचांकडून आला. त्याच्याही मागं उत्तरेकडच्या लोकांचा ऐन थंडीतला सण असावा, असं काही जाणकार मानतात. एके काळी त्याला उर्मट, मग्रूर अशाही छटा होत्या. इंग्रजांनी त्या गाळून टाकल्या. आमच्याकडे मात्र नेमक्या तेवढ्याच उरल्या. लग्नाच्या बायोडाटात शेती, नोकरी आणि खाली ‘स्वभाव : जॉली’. चारचौघांत दुसऱ्याची फजिती करून दात काढणारा कुणीही इथं जॉली होतो. समोरच्याला लागलं, तर त्यालाच ऐकवतात, मजाक कळत न्हाई का बे तुला.

बहिणीला सिरसाळ्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाची चौकशी करायला वडिलांनी मला धाडलं. मुलगा बाजारातल्या चहाच्या हॉटेलात भेटला. त्यानं मला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली. तेवढ्यात एक तोतरा हमाल आला आणि चहा मागू लागला. हा त्याची नक्कल करू लागला. हमाल बिचारा चहा न पिताच निघून गेला. सगळं हॉटेल हसलं. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, माणूस लई जॉली हाय.

पुढं दाजींना हमालाची गरज राहिली नाही. पाहुणे आले की ते बहिणीच्या चालण्याची, बोलण्याची नक्कल करतात. पाहुणे हसतात, ती चुलीपुढं भजी तळत राहते. दाजींचा जॉलीपणा आता चार गावांत नावाजलेला आहे.

परवा भाचीला नेकनूरचं स्थळ आलं. बायोडाटात तोच शब्द. चौकशीला दादा तूच जा, असं बहीण म्हणाली, तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. हॉटेलातला तो प्रकार मी तिला पहिल्यांदाच सांगितला. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

“तवा तू बी हसलतास?”

“हसलतो.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. रडेल, बोलेल, असं वाटलं होतं.

“मग नेकनूरला मीच जाते,” ती म्हणाली. “तू नगं.”

आणि एसटीची वेळ विचारली. तेवढी तरी मी खरी सांगीन, इतका भरवसा तिला अजून असावा.