ढावल्याचं पान

माझी ताई आर्णी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. लसीकरणासाठी तिला आसपासच्या तांड्यांवर जावं लागायचं. सुई टोचली की लेकरं भोकाड पसरायची, आणि म्हाताऱ्या बाया त्यांना उगी करायला काहीबाही गाऊ लागायच्या. लस संपली, डबा बंद झाला, तरी ताई ते ऐकत बसून राहायची. पुढे ती मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागली. बंजाऱ्यांची गोरबोली तिला धड बोलता येत नव्हती, पण इतक्या वर्षांत समजायला लागली होती.

मी यवतमाळला असतो, लोकांना वेबसाइट बनवून देतो. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "मले साडी नको. या गाण्यांची साइट बनवून दे. अन् मले शिकवून दे. दरवेळी तुह्या पाया नाही पडणार मी."

मी तिच्या लॅपटॉपवर एक साधं साधन टाकून दिलं. एकेका गाण्याची एक फाइल करायची, तिच्यात मजकूर लिहायचा, रेकॉर्डिंगचं नाव द्यायचं आणि एक ओळ टाइप करून बटण दाबायचं. सगळी पानं एका दमात तयार होतात. ताई दोन बोटांनी टाइप करायची. पहिलं पान तयार झालं तेव्हा तिनं भाऊजींना शेतातून बोलावून आणून दाखवलं.

एकदा मी तिच्याकडे गेलो असताना तिनं बटण दाबलं आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"हे पिवळ्या अक्षरात काय येऊन राह्यलं रे?"

मी वाकून पाहिलं. दोन-तीन लिंकांची तक्रार होती, पान ज्या फाइलीचा पत्ता देतंय ती फाइल जागेवर नाही, अशी. एक मला दिसली ती नावातल्या मोठ्या-लहान अक्षरांची होती. असल्या तक्रारी मी रोज पाहतो. बाकीच्या मी वाचल्याच नाहीत.

"येऊ दे," मी म्हणालो. "पान बनलं ना? मग झालं."

"तुले माहीत बाप्पा," ती म्हणाली. त्यानंतर तिनं पिवळ्या अक्षरांबद्दल कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली. सगळ्यांच्या काविळी ओळखणाऱ्या बाईनं स्वतःची अंगावर काढली. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेराव्यानंतर भाऊजींनी तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांचा स्वतःचा मोबाइल बिघडला होता.

"हा मी वापरतो," ते म्हणाले, "पण यातलं सगळं काढून दे. उघडला का तिचा फोटो येते. मले पाहवत नाही."

मी रेकॉर्डरचा फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घेतला. त्यात सत्तावन्न गाणी होती. मग मोबाइल कोरा करून त्यांना दिला. फोटो आणि व्हिडिओ मी उघडले नाहीत. मलाही बघवत नव्हतं.

साइट मी सर्व्हरवर चढवली. ताईच्या नावाखाली ती चालू राहावी एवढंच मनात होतं. पाचसहा महिन्यांनी एका बाईचा फोन आला. ती तांड्यावरची, आता उमरखेडकडे दिलेली. तिच्या आईचं गाणं साइटवर आहे असं तिला कोणी सांगितलं होतं.

"भाऊ, पान उघडते. याडीचं नाव दिसते. पण दाबलं तर काहीच वाजत नाही."

याडी म्हणजे तिची आई. ती म्हातारी ताईच्या आधी दोन महिने गेली होती. मी म्हणालो, "आज संध्याकाळपर्यंत करून देतो."

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. ताईच्या लॅपटॉपला मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावं. अकरा गाणी त्यामुळेच बंद पडली असणार. नावं नीट केली, पानं पुन्हा तयार केली, दहा गाणी वाजायला लागली. अकरावं याडीचं होतं. त्याची फाइल फोल्डरमध्ये नव्हतीच.

तेव्हा कुठे मी ताईनं लिहिलेलं ते पान नीट वाचलं. सासरी जाताना नवरी मायच्या, बहिणींच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते तो ढावलो. याडीनं तो ताईसाठी म्हटला होता. खाली ताईनं लिहिलं होतं: "याडी म्हणाल्या, नुसता आवाज कायले घेतं बाई, माझं तोंडही दिसू दे. म्हणून हा व्हिडिओ काढला आहे."

व्हिडिओ मोबाइलमध्येच राहिला होता. लॅपटॉपवर टाकायचा ती विसरली असेल. ते साधन तिला दरवेळी पिवळ्या अक्षरात तेच सांगत होतं, आणि तिकडे पाहू नको असं मी तिला शिकवलं होतं. मग मोबाइल मी माझ्या हातानं पुसला. दुरुस्तीचं निमित्त सांगून तो भाऊजींकडून मागून घेतला आणि पुसलेलं परत आणणाऱ्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवत परत दिला.

हे फोनवर सांगणं बरं वाटेना. ती बाई माहेरी आली आहे असं कळलं, तेव्हा मी तांड्यावर गेलो. ती ओसरीवर तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, व्हिडिओचंही. तिला वाटत होतं नुसता आवाज आहे.

सूप तिनं खाली ठेवलं. "म्हणजे याडी दिसली असती?"

"हो."

"आमच्याकडं तिचा एकच फोटो हाय. आधार कार्डावरचा."

 मी विचारलं, तुम्हाला तो ढावलो येतो का, तुम्ही म्हणाल का.

"शब्द येतात भाऊ. शब्द सगळ्याच बायांना येतात." तिनं पुन्हा सूप उचललं. "मी म्हणलं तर ते माझं होईल. याडीचं नाही होणार."

निघताना तिनं चहा दिला. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी लिंक काढली. पान ठेवलं, ताईचा मजकूर तसाच ठेवला, आणि खाली एक ओळ लिहिली: हा व्हिडिओ माझ्या चुकीनं हरवला.

आठवड्याभरानं भाऊजींचा फोन आला. ते अधूनमधून ताईची पानं वाचतात, गाणी ऐकतात हे मला माहीत नव्हतं.

"कोणता व्हिडिओ हरवला रे?"

मोबाइल त्यांनीच कोरा करायला सांगितला होता. मी म्हणालो, "माझ्या लॅपटॉपवरून उडाला, भाऊजी."

 ते म्हणाले, "तो व्हिडिओ काढताना ती बोलली असंल का? मागून?"

ताई रेकॉर्ड करताना गप्प बसत नसे, बाकीच्या गाण्यांतही ती मागून ऐकू येते. 'हं', 'पुढं', 'अजून एक' असं तिचं चालूच असायचं.

"बोलली असेल," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.