मोटारीचं स्मार्ट बटण

घरात काहीही बिघडलं तरी मेकॅनिक बोलवायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. नियम मीच केलाय आणि तो एकटा मीच पाळतो.

पुण्याहून आमच्या पल्लवीनं पाण्याच्या मोटारीसाठी स्मार्ट बटण पाठवलं. "बाबा, फोनवरून मोटार चालू होईल. गुडघा दुखत असताना मागच्या अंगणात जाऊ नका," म्हणाली. मी त्याच दिवशी जुनं बटण उचकटलं, नवं बसवलं आणि जुनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. (शूर माणसं मागं वळून पाहत नाहीत.)

नवं बटण वायफायला जोडलं जाईना. त्याचा निळा दिवा नुसता लुकलुकायचा आणि मोटार ढिम्म.

"वायरमनला बोलवा की," बायको म्हणाली.

"वायरमनला यातलं काय कळतं?"

"आणि तुम्हाला?"

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात गेलो.

नेमका तेव्हाच बार्शीहून मेहुणा सहकुटुंब आला होता. आंघोळी उरकून सगळ्यांना अक्कलकोटला जायचं होतं. खाली हौद काठोकाठ भरलेला, पण वरची टाकी रिकामी होत आली होती. मी अंगणात बटणापुढं उकिडवा बसलो असताना न्हाणीघरातून आवाज आला, "दाजी, पाणी गेलं. डोळ्यात साबण हाय."

"दोन मिनिटं थांब."

पल्लवीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, राउटर पुढच्या खोलीत आहे. मागं अंगणापर्यंत रेंजच पोचत नसेल."

रेंज पोचत नसेल तर राउटर पोचवू. मी राउटर उचलला आणि मागच्या दाराकडं निघालो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काहीतरी अडकलं. मी हिसका दिला. भिंतीतून केबल उपटून माझ्या मागोमाग आली. आता बटणालाच काय, अख्ख्या घराला वायफाय नव्हतं!

"लई भारी झालं," बायको म्हणाली आणि हौदात बादली सोडायला गेली.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारचे चन्नप्पा डोकावले. आमच्या मोटारीच्या आवाजावरून भांडण झाल्यापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

"काय करायलाय?" त्यांनी विचारलं.

मी राउटर काखेत मारून बटणाकडं तोंड वळवलं.

"आमचा राउटर ह्या भिंतीलाच हाय. आमचं वायफाय लावा की."

"गरज नाही," मी ताठ मानेनं म्हणालो.

न्हाणीघरातून मेहुणा ओरडला, "दाजी, गरज हाय."

मान थोडी कमी ताठ करून मी पासवर्ड विचारला.

"ऊट आयता?" चन्नप्पा म्हणाले. म्हणजे कानडीत, जेवण झालं का?

"नाही झालं अजून. पासवर्ड सांगा."

"ऊट आयता?"

"अहो, आंघोळी राहिल्यात इथं, जेवण कुठलं? पासवर्ड."

"त्योच की पासवर्ड. इंग्रजी अक्षरात टाका, मधी जागा सोडू नका."

टाकला. निळा दिवा लुकलुकायचा थांबला, मोटार घरघरली आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मेहुणा लालभडक डोळ्यांनी बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता चन्नप्पांना नमस्कार करून गेला.

"आता तरी वायरमन?" बायकोनं विचारलं.

"कशाला? बटण मी दुरुस्त केलं," मी म्हणालो. आजही तेच म्हणतो.

अडचण एवढीच की वीज वाचवायला चन्नप्पा दिवसभर राउटर बंद ठेवतात. त्यामुळं टाकी रिकामी झाली की मी गुडघा धरत अंगणात जातो, स्टुलावर चढून भिंतीपलीकडं हाक मारतो, "चन्नप्पा, वायफाय चालू करा की," आणि मग पुन्हा घरात येऊन, खुर्चीत बसून, फोनवरून ऐटीत मोटार चालू करतो.