औषध न घालण्याचा नवस

हे लिहू की नको, यातच सहा वर्षं गेली. सांगायची लाज वाटते, आणि न सांगता देवीपुढे उभं राहवत नाही.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा डावा कान वाहायचा. हिंगणीजवळ आमची भाजीची वाडी आहे. आमच्याकडे कान वाहिला की लसूण कढवलेलं तेल कोमट करून घालतात, तसं मीही घालत होतो. शेवटी बायकोने तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. कानाच्या पडद्याला छिद्र आहे, तेल-पाणी अजिबात नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. थेंबांची बाटली दिली, महिन्याने परत बोलावलं आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणाले. तो शब्द ऐकला आणि मी घाबरलो. त्या भीतीला मी भक्तीचं नाव दिलं. देवीला चांदीचा कान बोललो, वर आपल्याच मनाने अट घातली, की कान बरा होईपर्यंत औषधाचा थेंब घालायचा नाही. औषध घातलं म्हणजे देवीवर विश्वास नाही, असं मला वाटे.

"अवो, देवीनं मांगितलं काय हे?" बायको म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो आणि बाटली उकिरड्यावर रिकामी केली.

पाच महिने गेले. कानाला वास येऊ लागला. शाळेत पोरीजवळ कोणी बसेना. तिने तक्रार केली नाही, आणि मी ते बरं होण्याचं लक्षण समजलो. मग मला वाटलं, चांदीचा कान आधीच वाहून टाकावा, म्हणजे देवीला तरी माझी भीड पडेल. पोरीला घेऊन देवीच्या ठाण्यावर गेलो. रांगेत तिने भिंत धरली. "बाबा, सगळं फिरून राह्यलं," म्हणाली आणि ओकली. लोक मागे सरकले.

ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी तेवढी पुढे आली. तिच्या कानात मशीन होतं. तिने वाकून पोरीच्या कानाचा वास घेतला.

"कधीपासून वाहून राह्यला?"

"पाच महिने. नवस हाये, माय."

"अन् दवाई?"

मी चांदीचा कान तिच्यापुढे धरला.

"काऊन रे बापू, देवीच्या नावानं लेकराले सडवून राह्यला काय? माह्या बापानं असंच दवाई सोडून तेल ओतू ओतू माहे कान घालवले." तिने माझ्या मुठीतला चांदीचा कान काढून घेतला. "हा मी ठेवीन तिच्यापाशी. तू पोरीले उचल. झालं तुहं दर्शन. जाय!"

तिनेच हाक मारून ऑटो थांबवला.

दवाखान्यात कळलं, कानामागचं हाड आतून पोखरलं होतं. चक्कर त्यामुळेच येत होती, आणि पू मेंदूपर्यंत पोचायला फार अंतर उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. डाव्या कानाचं ऐकणं मात्र कायमचं गेलं. वेळेवर आणली असती तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक वाचला असता." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे नारळ घेऊन मी त्या म्हातारीकडे गेलो. तिने मला ओळखलं नाही. "कोन गा तुमी? इथं दिसभर इतके येतेत." मी तिच्या पाया पडलो, तर पाय मागे घेत म्हणाली, "माह्या कायले पडता? देवी तिकडं हाये."

मागच्या महिन्यात मी पोरीला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उजवीकडे बसलो, तिला ऐकू यावं म्हणून. औषध मीच बंद केलं होतं, तुझ्या आईने नाही, म्हणालो.

"माहीत हाये, बाबा."

"मंग बोलली काऊन नाई कधी?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती."

आणि तिने अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली.

मी देवीला अटी घातल्या होत्या, आणि तिने माझ्या अटींच्या बाहेरून माणूस धाडलं. आता हात जोडतो तेव्हा काही बोलत नाही, काही ठरवत नाही. लेकरू समोर आहे, एवढ्यासाठीच डोकं टेकतो. जे गेलं ते माझ्या हातून गेलं, आणि जे राहिलं ते तिने राखलं.