दाराजवळची जागा

"तू दाराशी बस. तिथं वारा छान येतो."

हे मी बोललो. सहावीच्या माझ्या वर्गात, सगळ्यांसमोर, सुजाताला. मुक्तानं सतरंजीवर हात पसरून तिची जागा धरून ठेवली होती. तो हातही मी काढायला लावला. माझी चूक झाली, असं म्हणून सुरुवात करणार होतो. पण चूक नकळत होते. मला सगळं कळत होतं.

मी हुबळीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. भाषेच्या तासाला मुलं एकमेकांकडं तोंड करून बसली तर बोलती होतात, असं एका प्रशिक्षणात ऐकलं. पटलं. बाकं बाहेर काढली. दाजीबानपेठेतून सतरंज्या आणल्या, चार बुटकी स्टुलं आणली. रोज ज्यानं त्यानं आपली जागा निवडायची. गोल करायचा, पुस्तक हातोहात फिरवायचं, हाती येईल त्यानं वाचायचं.

त्या गोलात सर्वांत जास्त बोलायची सुजाता. तिचे वडील पेठेत कापडाचे गठ्ठे हातगाडीवरून ओढतात. ती दुकानदारांच्या नकला करायची. "अक्का, रंग गेला तर साडी परत घेतो, नवरा परत घेत नाही!" वर्ग हसून लोळायचा. मुक्ता तिला चिकटून बसायची.

एक दिवस मुक्ताची आई आली. नवरा वकील, घर हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडला.

"सर, जागा रोज बदलतात म्हणे तुमच्याकडं. मग आमची मुक्ता रोज त्या हातगाडीवाल्याच्या मुलीजवळच कशी? एकमेकींच्या डब्यात हात घालतात हो. तुम्ही आपल्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं!"

आपल्यातलेच. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. छप्पन सालानंतर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घरातला देव्हारा रिकामा केला आणि चारचौघांत स्वतःला बौद्ध म्हणवून घेतलं. मी नोकरीला लागलो आणि गप्प बसलो. सुजाता आमच्याच समाजाची. मला ते माहीत होतं. माझ्याबद्दल तिला माहीत नव्हतं.

मी हसलो. म्हणालो, "बघतो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी ते वाऱ्याचं वाक्य तोंडातून आलं. ते माझं नव्हतंच. चौथीत गुरुजी मला तसंच म्हणाले होते. बाकीची मुलं लांब बसकरपट्टीवर, मी दाराशी, घरून आणलेल्या गोणपाटावर. वर्गात वाचनाचं पुस्तक एकच. पट्टीवरून सरकत ते शेवटच्या मुलापर्यंत यायचं आणि तिथून मागं फिरायचं. एकदा मी हात पुढं केला. गुरुजी म्हणाले, "तुला ऐकू येतंय ना? मग झालं की." मी हात मागं घेतला. वर्षभर वर्गात एक ओळ मोठ्यानं वाचली नाही.

एवढं भोगून मी तेच केलं. माझं काम तर गुरुजींपेक्षाही सोपं होतं. बाकं असती तर सुजाताची जागा कुणी काढून घेतली हे दिसलं असतं. इथं कुणाची जागा ठरलेलीच नव्हती. त्या मोकळेपणाच्या आड मला छान लपता आलं.

तिनं कुरकुर केली नाही. रोज सगळ्यांच्या आधी येऊन आपणहून दाराशी बसायला लागली. नकला थांबल्या.

मग एका तासाला मी फळ्याकडून वळलो आणि पाहिलं. पुस्तक गोलातून फिरत दाराकडं आलं, सुजाताच्या अलीकडच्या मुलानं वाचलं आणि उलट्या दिशेला परत दिलं. तिचा हात पुढं आलेला होता.

"तिला का नाही दिलंस?" मी विचारलं.

"तिच्यापर्यंत हात पोचत नाही, सर."

मध्ये दोन हातांचं अंतर. हे मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं. सुजातानं हात मागं घेतला. अगदी माझ्यासारखा. मला पुढचा धडा शिकवता आला नाही.

शनिवारी पालकांची सभा होती, मुलंही बरोबर होती. वकिलीणबाई पुढं बसल्या होत्या. सुजाता नेहमीसारखी दाराशी बसली होती, तिचे वडील चप्पल बाहेर काढून तिथंच उभे होते. मी त्यांना बसा म्हणालो.

"इरली बिडी, सर," ते म्हणाले. राहू द्या, सोडा.

"राहू द्यायचं नाही, अण्णा," मी म्हणालो. मी सुजाताजवळ गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"सुजाता, मी तुला दाराशी बसवलं ते वाऱ्यासाठी नाही. तुझ्या जातीमुळं बसवलं. आणि माझी लपून राहावी म्हणून. मी बौद्ध आहे. त्याआधी आम्हाला कुठल्या नावानं हाक मारत, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. या वर्गात कुणाच्या सांगण्यावरून कुणाची जागा पुन्हा हलणार नाही, माझी नोकरी हलली तरी. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. मी माफी मागतो."