गंजातलं विरजण

माझ्या बायकोला कोणतीही गोष्ट चुलीपाशी आणल्याशिवाय समजत नसे. आणली की मात्र डॉक्टरलाही सोडत नसे.

जेवलं की तिचं पोट दुखे, कळ पाठीत जाई. वलगावहून तिला अमरावतीला नेलं. डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, "लायपेज फार वाढलंय."

"म्हंजे काय जी? मले समजंल असं सांगा."

त्यानं सांगितलं, पोटामागं स्वादुपिंड असतं, त्याचा रस आतड्यात उतरून तेल-तूप पचवतो. ते सुजलं की रसातलं लायपेज रक्तात सांडतं.

"म्हंजे विरजण गंजातल्या दुधात पडाले पाह्यजे, अन् सांडून राह्यलं बाहेर!"

डॉक्टर हसला. आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. "अगदी बरोबर. ते सांडलेलंच आम्ही मोजतो."

मग घरात फोडणी बंद. मीही तिच्यासोबत फिकं खाल्लं, कुरकुरलो. ती म्हणे, "तुमाले कोनी बांधून ठेवलं? जा न हाटेलात!" मी गेलो नाही.

पुढं अकोल्याला पोरीकडं पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरून बरोबर झालेला. मी दवाखान्यातच म्हणालो, "चाल वं, आता गोवऱ्यांवर रोडगे भाजू, तुपात बुडवू! वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री पाह्यजे!"

ती हलली नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या तिच्या. तिथल्या डॉक्टरीणबाईला म्हणाली, "बाई, सांडणं थांबलं, हे समजलं. पण गंजात विरजण हाये, का गंजच रिता झाला? मी तं सुकूनच राह्यली."

बाईनं आणखी तपासण्या केल्या. गंज रिताच होता. स्वादुपिंड आतून वाळलं होतं. रसच बनत नव्हता, तर सांडणार काय? मी आकडा पाहून नाचत होतो, अन् ती मनगट पाहत होती.

त्या रसाच्याच, जेवणासोबत घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. थोडं अंग धरलं. त्या हिवाळ्यात तिनं गोळी घेऊन अर्धा रोडगा खाल्ला, उरलेला माझ्या ताटात टाकला. "खा, आता तोंड वाकडं करू नका."

उन्हाळ्यात ती गेली.

दही संपवताना ती मला नेहमी दटावायची, "अवो, गंज पुसून खाऊ नका. चमचाभर ठेवा, उद्याले लागते."

तेराव्यानंतर पोरगी भांडी घासायला बसली. फ्रिजमधून काढलेल्या गंजात शेवटचं दही तळाशी होतं. तिच्या हातचं. मी गंज हिसकून घेतला, आयुष्यात पहिल्यांदा दूध तापवलं, कोमट केलं अन् त्यात ते चमचाभर टाकलं.

दही लागलं. अजून लागतं. मी रोज चमचाभर ठेवतो.