तोंडी परीक्षेची खुर्ची

ऐंशीच्या दशकात मी शिरपूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सातपुड्यातल्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी आली. राखीव जागेवर आली होती, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं; ते तिला कुणी विसरू देत नव्हतं. ती शेवटच्या बाकावर एकटीच बसायची.

सहलीला आम्ही डोंगरात गेलो, तेव्हा मात्र तीच पुढं चालली. कुठलं झाड कधी फुलतं, कुणाची साल कशावर चालते, हे ती सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होतो. त्या दिवशी मला नवं कळलं ते तिच्याकडूनच.

वार्षिक प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला जळगावहून बाहेरचे परीक्षक आले. अंतर्गत परीक्षक म्हणून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. त्यांनी एक फांदी तिच्यापुढं धरली आणि इंग्रजीत झाडाचं नाव आणि माहिती विचारली.

"धावडा," ती म्हणाली. "याचा डिंक बाळंतिणीला देतात."

"जंगलातलं नको, शास्त्रीय नाव सांग."

ती फांदीच्या पानांकडं बघत राहिली.

"कोट्यातून आलीस का?" ते हसून म्हणाले. मागं रांगेत उभी असलेली मुलंही हसली.

मी हळूच म्हटलं, "सर, बाकीचं मराठीत विचारून बघा. तिला झाडाची माहिती आहे."

"एम.एस्सी.लाही मराठीतच विचारायचं का मग?"

मला नोकरीत कायम व्हायचं होतं आणि ते विद्यापीठातले वजनदार गृहस्थ होते. मी खाली बघून गुणपत्रक सरळ केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरला ती आली नाही.

पुढच्या रविवारी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन निघालो. एस.टी. संपली तिथून पाड्यापर्यंत चालत गेलो. तिच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. ती दारात उभी राहिली.

"ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं," मी म्हणालो.

"पुन्हा तेच सर आले तर?"

"मी असेन ना शेजारी."

"त्या दिवशीही होतात, सर."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"ती नाही यायची आता, सर," वडील म्हणाले. "मी सांगून पाहिलं."

फॉर्म तिथंच ठेवून मी परतलो. तो कधीच भरून आला नाही. तोंडी परीक्षा मराठीत घ्यावी म्हणून प्राचार्यांना पत्र दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. "भाषा छान आहे तुमची," म्हणाले, "पण हा विद्यापीठाचा प्रश्न."

पुढच्या वर्षी तेच परीक्षक आले. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.