चावी परत करायला

मला गाडी चालवता येत नाही. चालवायची ती बायको. ती गेल्यावर गाडी भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात, फाटकाजवळ, तशीच उभी राहिली. आवार अरुंद, गाड्या एकामागे एक लावलेल्या. मागच्या कोणाला बाहेर पडायचं झालं की माझी बेल वाजायची. "काका, चावी." माझी गाडी सरकवून पुन्हा जागेवर लावली की चावी परत करायला बेल पुन्हा वाजायची. तेव्हा मी चहाचं विचारायचो. एखादा बसायचाही.

दुसरी चावी वॉचमनकडे ठेवा, असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं. गिअर नाजूक आहे, कोणाच्याही हातात देणार नाही, असं मी ठणकावून सांगायचो. वास्तविक गाडी रोज कोणाच्या ना कोणाच्या हातात असायचीच.

मग सोसायटीच्या सभेत सरकारी योजनेचा विषय निघाला. जुनी गाडी भंगारात द्या, प्रमाणपत्र घ्या, त्यावर नव्या गाडीच्या करात सूट. माझ्या खालच्या मजल्यावरचा शेजारी बँकेत आहे, तो माहितीचे कागदच छापून घेऊन आला होता.

"काका, पंधरा वर्षं उलटून गेली. किती धूर सोडत असेल ती."

"दिवसाला पंधरा फूट चालते," मी म्हटलं. "आणि वयावरूनच भंगार ठरवायचं तर या सभेला कोरम तरी उरेल का?"

लोक हसले. चांगली गाडी मोडायला लावून नवी गळ्यात मारायची, यात कारखानदारांचंच भलं, असंही मी तावातावाने बोललो. त्यात तथ्य असेलही. पण माझं भांडण सरकारशी नव्हतंच. गाडी गेली की माझ्या दाराशी कोणी येणार नाही, ही भीती होती. ते सभेत कसं बोलणार?

एका दुपारी डोळे तपासायला शीवला गेलो, चावी खिशात. नेमकं तेव्हाच शेजाऱ्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांच्या गाडीपुढे माझी गाडी आडवी. टॅक्सी मिळेपर्यंत त्यांना फाटकात खुर्चीवर बसवून ठेवावं लागलं. ते बरे होऊन घरी आले. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पुढच्याच आठवड्यात मी गाडी भंगारात दिली आणि प्रमाणपत्र शेजाऱ्याच्या नावे करून दिलं.

त्याने नवी गाडी घेतली. आवार मोकळं झालं, सगळे आपापले सुखाने ये-जा करतात. मध्ये एकदा वाण्याला फोन केला तर माझाच आवाज मला घोगरा वाटला. आठवून पाहिलं, तीन दिवसांत मी कोणाशी बोललोच नव्हतो.

परवा संध्याकाळी शेजाऱ्याची बेल वाजवली. जिना उतरताना पाण्याच्या वेळेबद्दल विचारायचं असं ठरवलं होतं. त्याने दार उघडलं.

"काका, काही काम होतं का?"

"काम काही नाही रे," मी म्हटलं. "जरा बसू का?"